दोन थापा

मोटारसायकल आणायला जायचं म्हणजे काही मोहिमेवर जायचं नव्हतं. सकाळची कामं उरकून निघायचं, डोंगरापलीकडच्या मिस्त्रीच्या शेडमधून ती उचलायची, गाडीच्या मागे बांधायची आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परत. असली कामं धाकट्याने आणि त्याच्या दादाने मिळून इतक्या वेळा केली होती की झोपेतसुद्धा जमली असती. फरक एवढाच होता, की या खेपेला दादा नव्हता. साध्या तापाचं निमित्त झालं, चार दिवस दवाखान्यात काढले आणि चांगला हसताखेळता माणूस हातातून निसटला. त्याची मोटारसायकल तेवढी इंजिनच्या कामासाठी मिस्त्रीकडे गेलेली होती, ती तिथेच राहिली.

दादा तिला 'काडी' म्हणायचा. माळरानावरच्या शर्यतींसाठी घेतलेली, अंगाने सडपातळ, टाचा उंच केल्यासारखी उभी राहणारी. शर्यती लांब लांब असायच्या, म्हणून धाकट्याने गाडीच्या बुडाखालच्या टो-बारला स्वतः वेल्डिंग करून एक रॅक बसवला होता. म्हणजे एक आडवी लोखंडी पन्हळ. फळी लावून काडी वर ढकलायची, दोन्ही चाकं पन्हळीत बसवायची आणि चारी बाजूंनी पट्टे आवळायचे. मग काडी गाडीच्या पाठीशी आडवी उभी राहायची, तोंड रस्त्याच्या एका कडेला, शेपूट दुसऱ्या कडेला. येणारेजाणारे वळून बघायचे आणि दादाला ते भारी आवडायचं.

कामाची वाटणीही ठरलेली होती. दादा चालवायचा मोटारसायकल, धाकटा चालवायचा गाडी. पट्टे आवळायचं काम दादाचं. तोवर धाकटा स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसायचा. पट्टे आवळून झाले की दादा गाडीच्या टपावर तळहाताने दोन थापा मारायचा. दोन थापा म्हणजे बांधून झालं, चल. एक थाप म्हणजे थांब, काहीतरी चुकलंय. दादाच्या मनगटात पोलादी कडं होतं, त्यामुळे थापेच्या पाठोपाठ एक बारीक किणकिण यायची. धप्-किण, धप्-किण. मग धाकट्याने हॉर्नचा एक छोटा आवाज द्यायचा, दादा फिरून डाव्या दाराने आत बसायचा, दार आपटायचा आणि म्हणायचा, "चला साहेब, माल पक्का!" हे वाक्य झाल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही.

दादाला गावभर 'थापाड्या' म्हणायचे, ते मात्र या थापांमुळे नव्हे. शर्यतीत पाचवा आला तरी घरी येईपर्यंत तो दुसरा झालेला असायचा. वहिनी हसून म्हणायची, "भाऊजी, यांच्या थापांवर विश्वास ठेवणारे जगात तुम्ही एकटेच." त्यावर धाकटा म्हणायचा, "टपावरच्या दोन सोडून बाकी एकीवरही नाही."

आता घरात थापा मारणारंच कोणी उरलं नव्हतं. वहिनी आईकडे राहायला गेली होती. चार भिंती अंगावर येतात म्हणाली आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. भिंती धाकट्याच्याही अंगावर येत होत्या, पण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. त्याचा धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या विहिरींवर आणि तळघरांत जायचा, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाकघरातला दिवा लावायचा, मग मुद्दाम बाहेरच्या खोलीतलाही लावायचा. कारण एकाच खोलीत दिवा असला की घर जास्तच रिकामं दिसतं.

गाडीत तर सगळ्यांत वाईट. डावी सीट रिकामी बघवेना, म्हणून तो आपली हत्यारांची पिशवी तिच्यावर ठेवू लागला. पिशवी वजनदार, त्यामुळे सीटला वाटायचं माणूसच बसलाय, आणि बेल्ट लावला नाही म्हणून घंटी वाजायला लागायची. टिंग टिंग टिंग. शेवटी तो पिशवीला बेल्ट लावायला लागला. गिऱ्हाइकं हसायची. तोही हसायचा, पण पिशवी मागे टाकायचं त्याच्या मनात कधी आलं नाही.

तर मिस्त्रीचा फोन आला, की मी शेड बंद करून मुलीकडे कायमचा निघालोय, तुझ्या भावाची गाडी तेवढी घेऊन जा. धाकट्याने लगेच वहिनीला कळवलं. 

"आणा, भाऊजी," ती म्हणाली. "परक्या शेडमध्ये नको राहायला ती. ओट्यापाशी जिथे उभी असायची, तिथेच उभी करा. मी येईन... मग मला यावंसं वाटेल."

हे शेवटचं वाक्य धाकट्याने मनात घट्ट धरून ठेवलं. काडी अंगणात आली तर वहिनी येईल, वहिनी आली तर चहाला दोन कप निघतील. एवढ्यासाठी तो डोंगर ओलांडायला निघाला होता, आणि खरं सांगायचं तर एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

मिस्त्रीची शेड जुन्या रस्त्याला, डोंगराच्या पार पलीकडच्या पायथ्याशी. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. पत्र्याचं छप्पर, पुढे सरकतं शटर, आत ऑइलने काळी झालेली जमीन आणि बाहेर टायरांचा ढीग, त्यावर शेवाळ चढलेलं. धाकटा पोचला तेव्हा मिस्त्री आपलं सामान खोक्यांत भरत होता.

"दोन किका मारल्या की सुरू होते," त्याने काडी बाहेर काढत सांगितलं, आणि करून दाखवलं. इंजिन फटफटलं, तसा धाकट्याने चेहरा दुसरीकडे वळवला. मिस्त्रीने ते पाहिलं आणि बंद केलं. "टाकीत थोडं पेट्रोल आहे. कॉक बंद करून ठेवतो, वाटेत सांडायला नको."

"अचानकच बंद करताय शेड?"

"गिऱ्हाईक येत नाही. आणि..." मिस्त्रीने खोक्यावर दोरी गुंडाळत मान झटकली. "जाऊ दे. म्हातारपणाचे चाळे. गिऱ्हाईक येत नाही, पण दारावर टकटक मात्र रोज होते. बघायला जावं तर रस्ता मोकळा."

"वाऱ्याने पत्रा वाजत असेल."

"वारा मोजून दोनदा वाजवतो का?" मिस्त्री हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "पूर्वी मी आतून 'या' म्हणायचो. आता नाही म्हणत. तू निघ बाबा लवकर. वर धुकं उतरायला लागलंय."

मिस्त्रीने फळीवरून काडी चढवायला हात लावला, पण ती पन्हळीत बसताच कंबर धरून बाजूला झाला. "पट्टे तुझे तू आवळ. मी शटर ओढून घेतो, ते जाम आहे, वेळ खातं," असं म्हणत तो आत वळला.

धाकट्याने पट्टे आवळायला घेतले. इतकी वर्षं जे काम त्याने फक्त काचेतून पाहिलं होतं, ते करताना त्याचे हात अडखळत होते. हँडलचे दोन पट्टे आधी, पुढचा स्प्रिंग थोडा दबेपर्यंत. मग मागचे. खटक्याची मूठ वरखाली करताना प्रत्येक वेळी वाटायचं, बाजूला कोणीतरी उभं राहून म्हणेल, अरे सरक, तुला नाही जमायचं. कोणी म्हणालं नाही. काडी हलवून बघितली, जागची ढळली नाही.

मग तो गाडीत येऊन बसला, किल्ली फिरवली, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि गप्प बसून राहिला.

कशासाठी, हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं. सवय म्हणा. काडी मागे बांधलेली होती, तो गाडीत बसलेला होता, आणि असं असलं की काय करायचं हे अंगाला माहीत होतं. वाट बघायची.

टक टक.

टपावर दोनदा वाजलं. धाकट्याने हॉर्नचा छोटा आवाज दिला, गिअर टाकला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

पहिल्या वळणापाशी त्याच्या लक्षात आलं. मिस्त्रीने टपावर वाजवलं असेल, भला माणूस आहे, असं म्हणून त्याने बाजूच्या आरशात पाहिलं. मागे, लांब, शेडच्या दारात मिस्त्री दोन्ही हातांनी शटर खाली ओढत होता. त्याची पाठ रस्त्याकडे होती.

धाकट्याने नजर समोर वळवली. पाय आपोआप ब्रेककडे गेला, पण त्याने दाबला नाही. थांबून करायचं काय?

रस्ता चढायला लागला तसं धुकं अंगावर आलं. अजून संध्याकाळही पुरती झाली नव्हती, पण उजेड दुधाळ झाला होता आणि कडेची झाडं एकेक करून पुसली जात होती. तासभर कोणी समोरून आलं नाही. इंजिनचा आवाज धुक्यात आपटून परत गाडीतच येत होता. डाव्या सीटवर पिशवी बेल्ट लावून बसली होती.

आणि स्टिअरिंग हलकं लागत होतं.

हे त्याला चांगलं ओळखीचं होतं. टो-बारवर वजन जास्त झालं की गाडीचं बूड बसतं, नाक वर उचललं जातं, पुढच्या चाकांची पकड सुटते आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. पण काडीने असं कधी होत नव्हतं. ती होतीच मुळी काडी. एकदाच झालं होतं, जेव्हा शर्यतीच्या मैदानावर गंमत म्हणून दादा रॅकवरच्या काडीवर चढून बसला होता आणि धाकट्याने गाडी हळूहळू फिरवली होती. अगदी तेव्हासारखंच लागत होतं.

त्याने मधल्या आरशात पाहिलं. मागच्या काचेत काडीची टाकी आणि सीट आडवी दिसत होती, त्यापलीकडे पांढरं धुकं. सीट रिकामी होती. तो पुढे बघू लागला. थोड्या वेळाने परत पाहिलं, तेव्हा काच काळपट होती. टाकी दिसत होती, सीट दिसत नव्हती. सीटच्या जागी काहीतरी होतं आणि ते काचेला टेकलं होतं.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी हललं. थापा वाजल्या. त्याने हॉर्न दिला. आणि मग? मग दार वाजायला हवं होतं! दादा फिरून डावीकडे येतो, आत बसतो, माल पक्का म्हणतो, आणि मगच गाडी हलते. आजपर्यंत एकदाही चुकलं नव्हतं. आज तो दाराची वाट न बघता निघून आला होता.

"अरे देवा," धाकटा मोठ्याने म्हणाला. "मी त्याला बाहेरच ठेवला."

हसू नका. एकट्या माणसाच्या डोक्यात हिशेब असाच मांडला जातो. बाहेर गारठा होता, धुक्याचं पाणी ठिबकत होतं, आणि दादा टो-बारवरच्या रॅकवर बसून डोंगर चढत होता, कारण धाकट्या भावाला क्षणभर थांबता आलं नाही. भीती कुठल्या कुठे गेली. त्याने गाडी कडेला घेतली.

खाली उतरून तो मागे गेला. सीटवर कोणी दिसत नव्हतं. पट्टे जागच्या जागी होते. पण मागची चाकं त्यांच्या कमानीत रुतल्यासारखी दिसत होती. त्याने गाडीच्या बुडाला हात लावून खाली दाबून पाहिलं. दबेना. जेवढं बसायचं तेवढं ते आधीच बसलेलं होतं.

तो डावीकडे आला. दार उघडलं. पिशवीचा बेल्ट काढला, ती उचलून मागच्या सीटवर टाकली, सीटवरची धूळ हाताने झटकली.

"ये दादा," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलं माझं. आत ये."

धुक्यात काही हललं नाही. मग गाडीचं बूड एकदम उचललं गेलं, स्प्रिंगा कुरकुरल्या. पन्हळ टो-बारवर एकदा खडखडली आणि शांत झाली. धाकटा दारापासून बाजूला झाला. डावी सीट हळूहळू खाली दबली. मग दार त्याच्या डोळ्यांसमोर मिटलं. आपटलं नाही. हलकेच मिटलं, परक्याच्या घरी आलेला पाहुणा मिटतो तसं.

तो धावत आपल्या जागी येऊन बसला. किल्ली फिरवली, आणि लगेच घंटी सुरू झाली. टिंग टिंग टिंग.

डावीकडे बघायचं धाडस त्याला होईना. पण त्या घंटीने त्याला जो आनंद झाला, तो सांगून कळायचा नाही. कारण दादा कधी म्हणजे कधी बेल्ट लावायचा नाही. लावतो रे, लावतो रे म्हणत अर्धा रस्ता काढायचा, घंटीच्या तालावर गाणी म्हणायचा, आणि धाकट्याने शिवी हासडली की मगच हात वर करायचा.

"बेल्ट लाव," धाकटा रडतरडत हसला. "दादा, बेल्ट लाव की रे..."

सर्र आवाज करत बेल्ट ओढला गेला. खट्. घंटी थांबली.

पहिल्याच सांगण्याला.

गाडी पुढे निघाली. स्टिअरिंग आता नीट हातात आलं होतं. उतार लागला. धाकट्याने बोलायला सुरुवात केली, कारण गप्प बसवत नव्हतं. वहिनी आईकडे गेलीय म्हणून सांगितलं. काडी ओट्यापाशी उभी करणार म्हणून सांगितलं. दोन्ही खोल्यांत दिवा लावतो, हेही सांगितलं, जे त्याने दुसऱ्या कोणाला कधी सांगितलं नसतं. डावीकडून काहीच आलं नाही. दादाच्या अंगाला कायम पेट्रोलचा आणि लवंगेचा वास असायचा, दाढ दुखायची म्हणून लवंग चघळायचा तो. आता गाडीत वास येत होता तो बंद शेडचा. ओल्या पत्र्याचा, शेवाळलेल्या रबराचा.

"बोल ना," धाकटा म्हणाला. "माल पक्का आहे ना?"

बराच वेळ गेला. मग डाव्या बाजूने, समोरच्या डॅशबोर्डवर, बोटांच्या सांध्यांनी वाजलं.

टक टक.

 दादा थाप मारायचा. तळहाताने. धप्. सांध्यांनी टकटक करणाऱ्यांची तो टिंगल करायचा, दार ठोठावतोस का रे म्हणायचा. शेडपाशी वाजलं तेही टकटकच होतं. त्याने ऐकलं होतं ते, पण मनाला हवं तसं करून ऐकलं होतं.

"दादा?"

टक टक. चल.

आणि तेवढ्यात मागून, टपाच्या पार मागच्या कडेवर, सगळी गाडी हादरेल असा उघड्या तळहाताचा आवाज झाला.

धप्-किण.

एकच. थांब.

धाकट्याचा पाय ब्रेकवर पडला. गाडी ओल्या रस्त्यावर घसरत जाऊन थांबली. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, ती काढायचं भान राहिलं नाही. डावीकडे न बघता त्याने आपलं दार उघडलं आणि तो बाहेर पडला.  गाडीला धरून धरून तो मागे गेला.

मागची काच धुक्याने पांढरी झाली होती. त्या पांढऱ्यावर एक पंजा उमटला होता, बोटं फाकलेली, आणि मनगटापाशी एक गोल रेघ. थेंब होऊन तो खाली ओघळत होता. धाकट्याने आपला हात त्याच्यावर ठेवला. काच गारच होती.

"तू इथे होतास," तो कुजबुजला. "मग आत कोण...?"

पुढे, बंद गाडीत, आतल्या बाजूने टपावर वाजलं. टक टक. घाई नव्हती. मग पुन्हा. टक टक.

धाकट्याने पट्ट्यांना हात घातला. मघाशी अडखळणारे हात आता अडखळले नाहीत. खटके सुटले, फळी लागली, काडी अंगावर कोसळल्यासारखी खाली आली, पण त्याने ती धरली. जन्मात तो तिच्यावर बसला नव्हता. मोटारसायकल दादाची, गाडी त्याची. त्याने पेट्रोलचा कॉक उघडला, पहिली किक मारली. गाडीतून खट् असा आवाज आला का? कान देऊन ऐकायला तो थांबला नाही. दुसऱ्या किकेला इंजिन पेटलं. गाडीच्या उजव्या बाजूने, तिला होता होईल तेवढं लांब ठेवून तो पुढे निघाला, आणि डाव्या खिडकीकडे त्याने पाहिलं नाही, हे त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यांत शहाणपणाचं काम.

उतारभर तो दादाशी बोलत होता. मागे कोणी बसलंय का, हे बघायला वळला नाही, पण बोलत राहिला. घराच्या दारात पोचून काडी ओट्यापाशी उभी केली आणि खाली न उतरता वाट बघत बसला, की मागचा स्प्रिंग जरा तरी उचलला जाईल. नाही उचलला गेला. तो एकटाच आला होता. दादा तिथेच राहिला होता, रॅकपाशी.

त्याने दोन्ही खोल्यांत दिवे लावले आणि वहिनीला फोन केला.

"आणली काडी," तो म्हणाला. "जागेवर उभी केली."

"हो?" तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी जीव आला. "चालवत आणलीत? तुम्ही? आणि तुमची गाडी?"

"ती बंद पडली. डोंगरात सोडून आलो."

आख्ख्या जन्मात धाकट्याने मारलेली ही पहिली थाप. दुसरं सांगणार तरी काय होता तो? वहिनी म्हणाली, बरं झालं सुखरूप आलात, मी उद्या दुपारच्या गाडीने येते. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला. गाडी गेली तर जाऊ दे, तिथेच गंजू दे. काडी आली होती. वहिनी येणार होती. त्याने दोन कप धुऊन पालथे घातले आणि मग त्याला झोप लागली.

सकाळी चांगलं लख्ख ऊन पडलं होतं. दारात एक ओढगाडी येऊन थांबली. तिच्या सपाट पाठीवर धाकट्याची गाडी होती, मागे रिकामा रॅक.

"तुमच्या वहिनींचा फोन होता रात्री," ओढगाडीवाला खाली उडी मारत म्हणाला. जाडजूड, घाईतला, हसतमुख माणूस. "म्हणाल्या, भाऊजी एकटे आहेत, त्यांना कुठे खेपा घालायला लावायचं, तुम्हीच पोचवा. पहाटेच गेलो. चांगली माणसं आहेत हो तुमच्या घरची."

 साखळ्या सुटल्या, गाडी घरंगळत अंगणात उतरली आणि काडीच्या समोर येऊन उभी राहिली. काचा उन्हाने चमकत होत्या, आतलं काही दिसत नव्हतं.

"किल्ली आतच आहे, फिरवून ठेवलीय. स्टिअरिंग मोकळं राहायला हवं ना," तो हात पुसत म्हणाला. "डाव्या सीटचा बेल्ट तेवढा अडकलाय बघा. सोडवायला गेलो, निघेना. आणि तुमचा माणूस आला नाही का अजून?"

"कोण माणूस?"

"अहो, मागे होता ना. मी साखळ्या आवळून पुढे येऊन बसलो, तर त्याने दोनदा वाजवलं, टक टक. म्हटलं मागचं बघितलेलं दिसतंय याने, निघालो. नंतर आरशात काही दिसला नाही. असेल, येईल मागून." तो चढला, हात हलवला, आणि ओढगाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली.

अंगण शांत झालं. धाकटा ओट्याच्या पायरीवर उभा होता, काडीच्या हँडलला धरून. गाडीच्या टपावरून दव सुकत होतं. घरात पालथे घातलेले दोन कप होते आणि दुपारच्या गाडीला अजून बराच अवकाश होता.

गाडीतून आवाज आला. खट्.

मग घंटी सुरू झाली. टिंग टिंग टिंग. म्हणजे बेल्ट सुटला होता.

धाकट्याने कान टवकारले. त्याला ती घंटी ऐकायची नव्हती. मागून, टपावरून, काडीवरून, कुठूनही, त्याला एक थाप ऐकायची होती. फक्त एक. कड्याची किणकिण असलेली. तो श्वास रोखून वाट बघत राहिला. ऊन सरकलं. थाप आली नाही.

घंटी दोनच कारणांनी थांबते. बेल्ट लावला तर, नाहीतर सीट मोकळी झाली तर.

घंटी थांबली. बेल्टचा खटका वाजला नव्हता.